उपरण्याखाली दोन बोटं

मी आयुष्यात पगारवाढ एकदाच मागितली. मागितली असं आपलं म्हणायचं, कारण त्या दिवशी नेमकं कोणी काय मागितलं हे स्वतःशी कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. ज्याला पगार मागता येत नाही अशा माणसाची गोष्ट सांगण्यासारखी नसते. पण माझ्याकडे दुसरी नाही.

तेव्हा मी अकोल्याला एका कापसाच्या शेठजींकडे खरेदीच्या कामावर होतो. वऱ्हाड मध्यप्रांतात होता, कारभार नागपूरहून चालायचा, पण नागपूरला कोण साहेब बसलाय याच्याशी आम्हा बाजारातल्या लोकांना काही देणंघेणं नव्हतं. मुंबईहून सकाळची तार काय भाव घेऊन आली, एवढ्याशीच आमचा संबंध. मला महिना अठरा रुपये पगार होता. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एका खोलीत आम्ही तिघे राहायचो, तिघेही बाजारातलेच. दोन वेळा खानावळीत जेवायचो आणि भाजीत तेल कमी पडलं म्हणून रोज भांडायचो.

बायको आणि तीन वर्षांची मुलगी अमरावतीला होत्या, बायकोच्या भावाकडे. आधी मी अमरावतीलाच एका अडतीवर होतो. ती अडत बसली, आणि हे अकोल्याचं काम मिळालं. खोलीची सोय होईपर्यंत, दोनेक महिने, म्हणून त्या दोघींना तिथं ठेवलं होतं. त्या दोनेक महिन्यांना आता दीड वर्ष होत आलं होतं.

साळ्याची शहराच्या कडेला बागाईत होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि दोन वाफे झेंडू-शेवंतीचे. माझी बायको तिथं बसून खात नव्हती. दिवस उगवायच्या आत मेथीच्या जुड्या बांधायची, दुपारी हार ओवायची. तिची बोटं कायम हिरवी नाहीतर पिवळी असायची. तिची भावजयही काही वाईट बाई नव्हती. फक्त माझ्या मुलीच्या ताटात दुसरी भाकर पडली की तिचं लक्ष तिकडे जायचं. ती बोलायची काही नाही. पण तीन वर्षांच्या पोरीलाही लक्ष कळतं. मुलगी पहिली भाकर संपली की हात धुऊन मोकळी व्हायची.

जुन्या शहरात दोन खणांची खोली, चुलीला जागा आणि कोपऱ्यात मोरी, अशी चार रुपये भाड्याने मिळत होती. अठरा रुपयांत ते बसत नव्हतं, बाविसात बसत होतं. हा हिशोब माझ्यापेक्षा बायकोने जास्त वेळा केला होता. आमचा सगळा संसार चार रुपयांनी अडला होता आणि हे आम्हा दोघांनाही पाठ होतं.

एकदा मी अमरावतीला गेलो असताना तिने मेथी निवडता निवडता मान वर न करता विचारलं, "तुमी मांगत काहून नाई?"

"मांगतो ना."

"कवा?"

"पाडव्याले. पाडव्यालेच शेठ साऱ्यांचे पगार ठरवते."

"पाच मांगा," ती म्हणाली. "पाच मांगान तवा चार भेटन."

माझ्या धंद्याचं शिक्षण ती मला देत होती. मी हसलो. ती हसली नाही.

आता माझा धंदा काय होता ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कापूस बाजारात सकाळी बंड्या, म्हणजे कापसाने भरलेल्या बैलगाड्या, ओळीनं लागायच्या. मी एकेका बंडीपाशी जायचो, मूठभर कापूस आतून उपसायचो, धागा ओढून पाहायचो, ओला आहे का ते गालाला लावून पाहायचो. मग शेतकऱ्याच्या बाजूने त्याचा अडत्या पुढे यायचा आणि खांद्यावरचं उपरणं आमच्या दोघांच्या हातांवर टाकायचा. भाव उपरण्याखाली ठरायचा. त्याने माझं एक बोट धरलं तर एक, चार धरली तर चार, पूर्ण पंजा धरला तर पाच. मी त्याची बोटं धरून माझा आकडा सांगायचो. असं चारदोन वेळा व्हायचं, आणि ज्याला पटलं तो समोरच्याची बोटं मुठीत घट्ट आवळायचा. आवळलं की झालं. मग उपरणं निघायचं.

बाहेरगावचे लोक हे पाहून म्हणायचे की ही तर लबाडी आहे. लबाडी होतीच. बंडीवाला बिचारा चाबूक हातात धरून आमच्या तोंडाकडे बघत उभा असायचा, आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही हेच तर आमचं कसब होतं. हात आत भांडत असायचे आणि तोंडं वर पाणीपाऊस, पोरीचं लग्न, कोणाचा बैल मेला, असं काहीबाही बोलत असायची. जितकं वरचं बोलणं साधं तितका माणूस तयार. मी त्यात चांगला तयार होतो, हे सांगायला आता लाज नाही.

दोन गोष्टी मात्र कोणी मोडत नव्हतं. उपरण्याखाली काय झालं ते बाहेर बोलायचं नाही, ही एक. आणि एकदा दाबलेलं बोट मागे घ्यायचं नाही, ही दुसरी. चुकलं, घसरलं, माझ्या मनात तसं नव्हतं, असं जो म्हणाला त्याच्या हातावर दुसऱ्या दिवशी कोणी उपरणं टाकत नसे. एका अडत्याला मी असा बाजारातून उठलेला पाहिला होता. पुढे तो स्टेशनावर पानाची टपरी लावून बसला.

मी बारा-तेरा वर्षं हे काम करत होतो, अमरावतीला आणि मग अकोल्याला. नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने. म्हणजे समोरच्या बोटांनी काहीही सांगितलं तरी माझ्या बोटांनी त्याच्या खालचं सांगायचं. सुरुवातीला मी मनात आकडा धरून मग दाबायचो. पुढे मनाची गरजच पडेनाशी झाली. हात आपला आपण उत्तर द्यायचा आणि मी पुढच्या बंडीकडे बघत असायचो. शेठजींना माझं हेच आवडायचं.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी गादीवर पांढरी चादर घातली होती. वह्यांची पूजा झाली होती. शेठजी लोडाला टेकून बसले होते आणि आम्ही दहाबारा माणसं समोर. एकेकाला बोलावून ते विडा आणि सव्वा रुपया हातात द्यायचे आणि त्या सालाचा पगार तोंडानं सांगायचे. बहुतेकांना मागचाच. माझ्या खोलीतला एक जण, कापूस तोलणारा मापारी, माझ्या शेजारी बसला होता. त्याने मला कोपरानं ढोसलं. मी आठ दिवसांपासून त्याच्यासमोर वाक्यं घोकत होतो आणि तो ऐकून ऐकून कंटाळला होता.

माझी पाळी आली. विडा घेताना मी म्हणालो, "शेठजी, पगाराचं थोडं बोलायचं होतं."

शेठजी मला बरे मानायचे. त्या साली मोसमाची सुरुवातच चांगली झाली होती, माणूस खुशीत होता. मिशीत हसत म्हणाले, "अरे भाऊ, तुमी अन् मी तोंडानं कायले बोलाचं? आपल्या धंद्यात तोंडाचं काय काम?" आणि त्यांनी गळ्यातलं जरीचं उपरणं काढून आमच्या हातांवर टाकलं.

सगळे हसले. मीही हसलो असणार. उपरण्याला अत्तराचा वास होता. शेठजींचा हात गरम आणि मऊ होता, अडत्यांच्या हातांसारखा नव्हता.

"घरचे कसे हायेत?" त्यांनी विचारलं. "अमरावतीले सब ठीक?"

आणि आत त्यांनी माझी चार बोटं धरली.

मी म्हणालो, "हो जी. बरे हायेत सारे." तोंडानं हे म्हणालो, आणि माझ्या हातानं त्यांची दोन बोटं दाबली.

कसं झालं ते मला सांगता येणार नाही. त्यात सांगण्यासारखं काही झालंच नाही. उपरणं पडलं, समोरून चार आले, हातानं दोन केले. रोज सकाळी शंभर वेळा व्हायचं तसंच. चार हा आकडा मला कळलासुद्धा नव्हता. चार म्हणजे ती खोली, चुलीची जागा, मोरी, हे सगळं डोक्यात यायच्या आत हात आपलं काम करून मोकळा झाला होता.

शेठजींचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत आधी नवल आलं, मग त्यांना कळलं. मुरलेला माणूस, त्यांना सगळं कळलं. ते थांबले, दोन श्वासांइतकं तरी थांबले. मी काही बोलेन म्हणून थांबले असावेत. मी त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या लक्ष्मीकडे बघत होतो. तिच्या कमळाचा गुलाबी रंग रेषेबाहेर सांडला होता. छापणाऱ्याने नीट छापलं नाही, असं माझ्या मनात आलं.

मग शेठजींनी माझी दोन बोटं मुठीत आवळली. उपरणं काढलं. "दोन रुपये," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पक्कं." आणि मला वाटतं ते थोडे खट्टू झाले होते.

मी विडा तोंडात टाकला आणि जागेवर येऊन बसलो. मापाऱ्यानं कानात विचारलं, "दोनच?" मी मान हलवली. त्यानं शेठजींना एक शिवी दिली, हळूच. मी त्याला ती देऊ दिली.

मला काय वाटलं असं कोणी विचारलं तर खरं सांगतो, काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं. बाहेर येऊन मी मोर्णेच्या पुलावर उभा राहिलो, आता वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली. खाली एक बाई गोधडी आपटत होती. तिची गोधडी धुऊन झाली, तिनं पिळली, डोक्यावर घेतली आणि ती गेली. मग मीही खोलीवर गेलो.

दुसऱ्या दिवशी जाऊन शेठजींना एकट्यात सांगायचं होतं, असं आज कोणीही म्हणेल. मी सांगू शकलो असतो की शेठजी, हात चुकला. पण हात चुकला असं म्हणणाऱ्या माणसाला तिसऱ्या दिवशी बाजारात शेठजींचा हात म्हणून कोण धरणार होतं? माझ्याकडे तेवढी एकच चीज होती, बोटाची बात. ती विकून चार रुपये घ्यायचे तर अठरा जात होते. असं मी स्वतःला पटवलं. पटवायला फार वेळ लागला नाही, कारण सांगायला जायचा मला कंटाळाच आला होता.

भाऊबीजेला अमरावतीला गेलो. बडनेऱ्याला गाडी बदलली, तिथं तासभर बसलो, शेवचिवडा घेतला. बायको फाटकापाशीच उभी होती, मुलीला कडेवर घेऊन. भावाला ओवाळायचं ताट आत तसंच ठेवून आली होती.

"किती वाढले?" तिनं विचारलं.

"दोन."

तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुमी किती मांगतले होते?"

"पाच," मी म्हणालो. मनात पाचच होते, तेव्हा हे अगदीच खोटं नव्हतं.

"मुडदा बशीवला त्या शेठचा," ती म्हणाली. अगदी मोठ्यानं म्हणाली, आत चुलीपाशी भावजयीला ऐकू जाईल असं. "आमच्या पोटावर पाय देऊन कुठं नेनार हाये पैसा? कीडे पडतीन त्याच्या हाताले."

मी चिवड्याची पुडी मुलीच्या हातात दिली. त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं बहुतेक. पण ती इतकं छान शिव्या देत होती, आणि त्या दुसऱ्याला चालल्या होत्या.

पुढच्या साली पुन्हा मागायचं असं ठरवून मी परत आलो. पण पुढच्या सालापर्यंत मंदी आली. कापसाचा भाव असा पडला की काही बंडीवाले माल न विकता परत नेऊ लागले. बाजारातली निम्मी माणसं घरी बसली. त्यात माझ्या खोलीतला मापारीही गेला. पाडव्याला शेठजींनी विडा दिला, सव्वा रुपया दिला आणि आकडा न सांगताच हात जोडले. मी राहिलो यातच सगळं आलं, असं त्या जोडलेल्या हातांनी सांगितलं. असं एक नाही, पाच पाडवे झाले.

या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. महिन्यातून एकदा अमरावतीला जायचो, शनिवारी संध्याकाळी पोचायचो आणि रविवारी दुपारी निघायचो. मुलीचे दुधाचे दात पडले, नवे आले. ती शाळेत जाऊ लागली. शेजारपाजारी ती माझ्याबद्दल बोलताना "अकोल्याचे बाबा" म्हणायची, जणू दुसऱ्या कुठल्या गावचेही एक बाबा होते. मला त्याचंही वाईट वाटलं नाही. मी येणार असलो की बायको आधी जाऊन बाज बाहेर काढून ठेवायची, पाहुण्याला काढतात तशी. आम्ही दोघं त्या बाजेवर बसून पिकाबद्दल बोलायचो, म्हणजे तिच्या भावाच्या पिकाबद्दल. निघताना ती शेठला एखादी शिवी हासडायची. ती आता आमची रीत झाली होती, जशी लोकांकडे निघताना हातावर दही देतात.

आणि मग सहाव्या साली शेठजींनी आपणहून चार रुपये वाढवले. मागितलं नव्हतं, उपरणं नव्हतं, काही नव्हतं. विडा हातात दिला आणि म्हणाले, "चोवीस." बस.

हे लिहिताना मला सगळ्यात जड जातंय. त्या पगारात सगळं बसत होतं. मी एक रविवार अमरावतीला न जाता जुन्या शहरात खोली पाहायला गेलोसुद्धा. म्हातारी घरमालकीण होती. खोली स्वच्छ होती, सारवलेली, मोरीला उतार चांगला होता. चुलीवरच्या भिंतीला आधीच्या बिऱ्हाडाचा धूर लागलेला होता. म्हातारीनं विचारलं, "किती जन हा?" मी म्हणालो, "तिघं." ती म्हणाली, "कवा येता?" मी म्हणालो, "सांगतो." दाराला हात लावून मी थोडा वेळ उभा राहिलो. इथं सकाळी उठायचं, इथं कोणीतरी विचारणार की उशीर का झाला, इथं मुलगी रोज असणार, रविवारी दुपारी न सुटणारी. मला त्या सगळ्याची भीती वाटली असं नाही. मला ते उचलावंसं वाटेना. झोपलेल्या माणसाला ऊठ म्हटलं की तो हो म्हणतो आणि पडून राहतो, तसं.

मी म्हातारीला पुन्हा कधी भेटलो नाही. अमरावतीला पूर्वीइतकेच पैसे मनिऑर्डरने पाठवत राहिलो. वरचे चार रुपये पोस्टात मुलीच्या नावानं टाकत होतो, तिच्या लग्नासाठी, असं मी स्वतःला सांगत होतो. पगार वाढल्याचं घरी बोललो नाही. कोणी विचारलंही नाही. मी मुद्दाम लपवत नव्हतो, पण न लपवणाऱ्या माणसानं दोन वर्षांत कधीतरी सांगितलं असतं.

आठव्या वर्षी शेठजींच्या भाचीचं लग्न अमरावतीला ठरलं. हार, मुंडावळ्या, मांडवाच्या माळा, सगळं पाहिजे होतं. शेठजींना कळलं की माझ्या साळ्याकडे फुलं असतात. "मंग बाहेर कायले जाचं, घरचेच हायेत ना," असं म्हणत ते स्वतः टांग्यातून बागाइतीत आले, मला सोबत घेऊन. साळा हात पुसत धावत आला. बाजेवर धुतलेली चादर पडली. भावजयीनं चहा ठेवला.

माझी बायको थोड्या अंतरावर झेंडूच्या ढिगापाशी सुई-दोरा घेऊन बसली होती. शेठजींना पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला. ज्या माणसाला ती आठ वर्षं शिव्या देत होती तो असा साधा, जाडासा, घामाघूम होऊन बाजेवर बसलेला पाहून तिला काय वाटलं असेल कोणास ठाऊक. ती ओवत राहिली.

फुलांचं बोलणं ठरलं. चहा झाला. शेठजी खुशीत होते, आणि सासरच्या माणसांसमोर माझं चार चांगलं बोलावं असं त्यांच्या मनात आलं. ते तिच्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमचा मानूस म्हंजे हिरा हाये बरं. आता जुनी गोष्ट झाली, सांगाले हरकत नाई."

मला कळलं ते काय सांगणार ते. मी त्यांना थांबवू शकलो असतो. मी माझ्या कपातला गाळ बघत बसलो.

"पाडव्याले यानं मले पगार मांगतला," शेठजी सांगू लागले. "मी म्हटलं, चाल, गंमत करू, टाकलं उपरनं हातावर. मी याले चार बोटं देली. चार! अन् यानं काय करावं? मले उलटे दोन देले! माहे पैसे वाचवाची एवढी सवय झाल्ती त्या हाताले, का स्वतःच्या पगारातही भाव पाडला! असा इमानदार मानूस साऱ्या वऱ्हाडात धुंडून भेटनार नाई." ते पोट धरून हसले. साळा त्यांचा मान राखायला थोडं हसला. भावजय हसली नाही, तिनं एकदा माझ्याकडे आणि एकदा नणंदेकडे पाहिलं आणि कप गोळा करून आत गेली.

शेठजी टांग्यात बसले. साळा त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेला. मुलगी शाळेत होती. ढिगाच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला ती, असे आम्ही दोघंच उरलो.

"खरं हाये हे?" ती म्हणाली.

"हो."

"चार देत होता तो."

"हो."

"अन् तुमीच दोन केले."

"हात गेला," मी म्हणालो. "कळ्ळंच नाई. सवयीनं गेला हात."

ती बराच वेळ ओवत राहिली. आता ती मला त्या सगळ्या शिव्या देईल असं मला वाटत होतं. देईल तर बरं, असंही वाटत होतं. पण तिनं सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा झाला होता की मला तो ओळखूच येईना. लग्नानंतर पहिल्या एकदोन वर्षांत कधी तरी पाहिला होता.

"म्हंजे तुमी मांगतले होते," ती म्हणाली.

मी ढिगातून घरंगळलेलं एक फूल उचलून परत ढिगावर ठेवलं.

"मले वाटे तुमी मांगतलेच नाई," ती म्हणाली. "एकट्याचं बरं चाल्लं, बायकोपोरीचं लटांबर कायले आनाचं, असं असन तुमच्या मनात. त्या शेठले शिव्या देत होती ते भावजयीच्या कानासाठी. नाई तं ती म्हनली असती, नवऱ्यालेच नको हाये ही. मीच तसं म्हनत होती, मनातल्या मनात. आठ वर्षं." तिनं पदरानं नाक पुसलं. ती हसत होती. "अन् तुमी तं मांगतले होते. अवो बाप्पा, मांगतले होते तुमी!"

ती उठून माझ्या बाजूला आली आणि बाजेच्या कडेवर बसली. तिच्या हातांना झेंडूचा वास येत होता. "मंग आता पुन्हा मांगा ना," ती म्हणाली. "तो तं चांगला मानूस दिसते. आता कितीक देते तो?"

मला पाहिजे तो आकडा सांगता आला असता. वीस म्हटलं असतं तरी तिनं विश्वास ठेवला असता, त्या क्षणी तर नक्कीच. पुढच्या पाडव्याला चार वाढले असं म्हणून तिला नेता आलं असतं, आणि सगळं सुरळीत झालं असतं. विचार करायला मला भरपूर वेळ होता. पण तिच्या त्या चेहऱ्यासमोर मला खोटं बोलवेना.

"चोवीस," मी म्हणालो.

तिचे ओठ हलले. तिनं मनात मांडून पाहिलं, ती खोली, ते धान्य, सगळं. "चोवीस," ती म्हणाली. "कवापासून?"

"दोन वर्षं झाले."

ती तशीच बसून राहिली. मग उठली, पुन्हा ढिगाच्या पलीकडे जाऊन बसली, सुई उचलली. एक फूल ओवलं, दुसरं ओवलं. माझ्या छातीत काहीतरी दुखायला लागलं होतं, आणि इतक्या वर्षांनी दुखतंय म्हणून मला ते आधी नीट ओळखताही आलं नाही. मी तिला हाक मारली. तिनं मान वर केली नाही.

"आठ वर्षांत," ती म्हणाली, "पाच मिन्टं मले बरं वाटलं होतं."